एकशे दहा किलोंची झोळी

९ फेब्रुवारी

टाचणी,

बाबांनी शुक्रवारी सकाळी मला बुटाची नाडी बांधायला हाक मारली, त्या क्षणी माझं सगळं बदललं.

तू म्हणशील, झालं, आला हा पुन्हा नाटकं घेऊन. वाच तरी. तू मला फोनवर ब्लॉक केलंस, मेलवर ब्लॉक केलंस, पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. आणि तू पत्र न वाचता फाडशील असं वाटत नाही. फाडाफाडी हा माझा प्रांत.

बाबा पलंगाच्या कडेवर बसले होते. वाकले, हात पोटापर्यंत गेला आणि तिथेच अडला. श्वास सोडून पुन्हा वाकले. कपाळावरची शीर वर आली. मग खिडकीकडे बघत, मीठ दे म्हणावं इतक्या सहज म्हणाले, "अरे, जरा ही नाडी बघ."

टाचणी, हा माणूस बावीस वर्षं बंदरावरची सगळ्यात उंच क्रेन चालवतोय. जहाजाच्या पोटातून अख्खं इंजिन काढून त्यांनी ट्रकवर असं टेकवलंय की ट्रकच्या ड्रायव्हरला झोपेतून उठवून सांगावं लागलं, बाबा रे, माल आला. आणि त्यांचा हात स्वतःच्या बुटापर्यंत पोचत नाही. मी खाली बसलो, नाडी बांधली. वर बघितलं तर ते अजून खिडकीकडेच बघत होते. मला वाटतं, मी वर बघू नये अशी त्यांची इच्छा होती.

त्याच दिवशी बंदराच्या दवाखान्यात वार्षिक तपासणी होती. वजन एकशे चोवीस. पूर्वी नुसतं लिहून घ्यायचे. यंदा नवीन सुरक्षासाहेब आलाय, त्याने नियम काढून दाखवला. वर केबिनमध्ये कुणाला काही झालं तर त्याला दोरावरून खाली सोडायची एक झोळी असते, आणि ती झोळी फक्त एकशे दहा किलोंपर्यंतची आहे. त्यापेक्षा जड माणसाला वर चढता येणार नाही. सहा महिने दिलेत. जुलैअखेर एकशे दहा, नाहीतर कायमचं खाली, गेटवर, ट्रकचे नंबर टिपायला. तोपर्यंतही खालीच.

बाबांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि घरी आले. जेवताना आईने विचारलं, "गेटवर काम कसं असतं हो?" तर म्हणाले, "सावलीत असतं." बस.

चौदा किलो म्हणजे काय मोठंसं? मी दोन महिन्यांत उतरवून दाखवतो. मला सध्या वेळच वेळ आहे. कॉलेज मी का सोडलं ते तुला माहीतच आहे, तिथे शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं. आणि पायऱ्यांवर आपलं जे थोडंसं बोलणं झालं ते तू मनावर घेऊ नकोस.

तू नाहीस तर संध्याकाळ संपता संपत नाही. एवढं लिहून थांबतो, नाहीतर तू म्हणशील, वाजली याची शिट्टी.

तुझा,
(तुझा म्हणायला अजून परवानगी आहे का?)
शिट्टी


२६ फेब्रुवारी

टाचणी,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही तुझ्यासाठी लिहीतच नाहीये असं समज. कुणाला तरी सांगायला हवं म्हणून लिहितोय.

माझी योजना जोरदार होती. भिंतीवर तक्ता लावला होता. सकाळी काहीच नाही. दुपारी उकडलेली कोबी. संध्याकाळी काकडी. पहाटे पाच किलोमीटर पळणं, मी पुढे घड्याळ घेऊन आणि बाबा मागे. "चला, चला, चला!" मी ओरडायचो. बाबा काही न बोलता पळायचे. गुडघ्यावर हात ठेवून थांबायचे आणि पुन्हा पळायचे. नवव्या दिवशी साडेतीन किलो उतरलं. मी आईला म्हटलं, बघितलंस?

दहाव्या दिवशी गेटवर उभ्या उभ्या त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. हातवारेकाका शेजारीच होते म्हणून बरं. हातवारेकाका म्हणजे बाबांच्या क्रेनचे इशारेवाले. वीस वर्षं खाली उभं राहून हातांनी वरच्याशी बोलायचं, त्यामुळे आता घरी चहा हवा असला तरी दंड वर करून दाखवतात. त्यांनी बाबांना अलगद खाली बसवलं आणि मला फोनवर एवढंच म्हणाले, "भार कलला होता. टेकवलाय. ये."

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "हे उपास कुणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्या," मी म्हटलं.

"तू काय शिकलायस?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "अर्धवट."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझा तक्ता बघितलाही नाही. बाबांना विचारत बसल्या. वर असताना काय खाता, कधी खाता, किती वाजता उठता? एक जहाज, एक पाळी, एक दिवस असं सगळं त्यांनी उलगडून घेतलं. मी एकवीस वर्षं या माणसाच्या घरात राहतोय आणि त्यातलं निम्मं मला माहीत नव्हतं.

वर केबिनमध्ये मोरी नाही. त्यासाठी एकशे चौसष्ट पायऱ्यांची शिडी उतरावी लागते, आणि तेवढ्या वेळात खाली जहाज खोळंबतं. म्हणून तिथली सगळी माणसं पाणीच पीत नाहीत. घशाला कोरड पडली की डब्यातलं गोड बिस्किट तोंडात टाकायचं, लाळ सुटते, काम चालतं. सकाळी सात ते दुपारी तीन, एक डबा. आणि खाली उतरल्यावर तीन चमचे साखरेचा चहा, लागोपाठ दोन कप, कारण जीव तहानेने गेलेला.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तहान लागली की तुम्ही खाताय."

बाबा म्हणाले, "बावीस वर्षं झाली."

मग डॉक्टरबाईंनी गुडघ्याचं सांगितलं. चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर अंगाच्या तिपटी-चौपटीने भार येतो. एक किलो उतरला तर गुडघ्यापुरते चार उतरले. इथे बाबांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. भाराचं गणित! "म्हणजे चौदा उतरले तर छप्पन्न?" "साधारण तेवढे. दर पावलाला." बाबा स्वतःच्या गुडघ्याकडे असे बघायला लागले की जणू तो कुणी तरी मुका कामगार आहे, आणि इतकी वर्षं त्याच्याकडून काय उचलून घेतलं ते आज कळतंय.

घरी आल्यावर त्यांनी तक्ता काढला. फाडला नाही. घडी करून माझ्या हातात दिला. म्हणाले, "भार एकदम उचलत नाहीत. आधी दोर ताणून घ्यायचा. मग वीतभर उचलायचं आणि थांबायचं. साखळी धरतेय का, भार कलतोय का, ते बघायचं. मग पुढे."

"म्हणजे काय करायचं?"

"आठवडाभर नुसतं पाणी प्यायचं. बाकी आहे तसं."

"पाण्याने काय होणारे, बाबा?"

"तेच बघायचंय."

मला इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन उरलेली सगळी कोबी खाल्ली.

शिट्टी


३ एप्रिल

टाचणी!

तुझं कार्ड आलं! एक ओळ, "बाबांना झोप किती मिळते?" खाली सही नाही, माझं नाव नाही, मी जिवंत आहे का मेलो याची चौकशी नाही. मी ते अकरा वेळा वाचलं. आई म्हणाली, "एवढं काय लिहिलंय त्यात?" मी म्हटलं, बाबांबद्दल आहे. ती म्हणाली, "मग तू का लाजतोयस?"

तुझा प्रश्न मी बाबांना विचारला. पाच तास, कधी साडेचार. जेवण झालं की टीव्हीसमोर पडायचे आणि तिथेच डुलक्या. डॉक्टरबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, अपुऱ्या झोपेने भूक वाढते, हे मीच पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं, कुणी सुचवलं? मी छाती काढून म्हटलं, "आमच्या ओळखीच्या एक बाई आहेत." आता रात्री साडेनऊला टीव्ही बंद. टीव्हीवर आई कापड टाकते, पिंजऱ्यातल्या पोपटावर टाकतात तसं.

तुला काय काय सांगू? मला वाटायचं, मोठी गोष्ट करायची म्हणजे दात-ओठ खावे लागतात. हा माणूस दात-ओठ न खाता काहीतरी प्रचंड करतोय आणि शेजाऱ्यांना त्याचा पत्ताही नाही. चहाचंच घे. साखर तीन चमचे होती. एका आठवड्याला पाव चमचा कमी, बस. तेही चमच्याची कड बोटाने सपाट करून. मी श्वास रोखून बघतो. परवा पावणेदोनवर आले. मला आव्हान द्यावंसं वाटलं म्हणून मी एका दिवसात साखर बंद केली आणि तिसऱ्या दिवशी चोरून चार चमचे घातले.

ताट तेच आहे, पण आधी अर्धं भाजीने भरायचं आणि मग भात वाढायचा. पूर्वी उलटं होतं. आणि सावकाश जेवायचं. बाबांचं जेवण चार मिनिटांत व्हायचं, क्रेनवरची सवय. आता घास घेतला की चमचा खाली ठेवतात. पहिल्या दिवशी आई बावरली.

"असं काय बघताय माझ्याकडे?"

"डॉक्टरबाईंनी सांगितलंय."

"माझ्याकडे बघायला?"

"घास चावायला. तोवर नजर कुठेतरी ठेवायला हवी ना."

आई उठून उगाचच पाणी आणायला गेली. तांब्या भरलेला होता.

आणि चालणं. पळणं नाही. पहाटे साडेपाचला गोदामांच्या मागच्या रस्त्याने अर्धा तास, आणि रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं. मी रोज बरोबर असतो. हो, रोज. तू म्हणाली होतीस ना, तुला कुठलीच गोष्ट रोज करता येत नाही. पहिल्या पंधरवड्यात बेकरीवाला ओरडायचा, "अहो क्रेनवाले, जमीन खचेल!" बाबा हात वर करून हसायचे. मी एकदा बेकरीत शिरणारच होतो. बाबांनी दंड धरला. म्हणाले, "त्याला पहाटे जागं राहायला काहीतरी लागतं." आता बेकरीवाला आम्ही दिसलो की घड्याळ लावतो.

मार्चमध्ये वजन अडकलं होतं. तीन रविवार काटा एकशे एकवीसवर. बाबांचे खांदे पडले होते. पण आता सुटलंय. गेल्या रविवारी एकशे एकोणीस. तर ते असो.

हातवारेकाकांनी मला परवा गोदीत एक साखळी उचलायला दिली. चौदा किलोंची. म्हणाले, "ही खांद्यावर टाक आणि जिना चढून ये." दुसऱ्या मजल्यावर माझी जीभ बाहेर आली. खाली उतरल्यावर ते म्हणाले, "तुझा बाप ही घालून झोपतो, उठतो, जेवतो, हसतो." मी कितीतरी वेळ ती साखळी हातात धरून उभा राहिलो.

पुढच्या कार्डावर दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.

शिट्टी


१२ जून

टाचणी,

मागच्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोललो. "तर ते असो" असं मी लिहितो तेव्हा काहीतरी लपवत असतो, हे तुला कळलं असेलच.

काटा सुटला नव्हता. मी सोडवला होता. आमच्या वजनाच्या काट्याला मागे एक छोटं चाक आहे, शून्य जुळवायचं. मार्चअखेरीस एका शनिवारी मी ते फिरवून दोन किलो कमी केलं. वाटलं, बाबा हिरमुसलेत, त्यांना जरा जोर येईल, पुढे खरंच उतरेल आणि मग मी चाक गुपचूप परत फिरवीन. आणि दुसऱ्या दिवशी बाबा काट्यावर उभे राहिले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "वा." मी खूश.

पण जून उजाडला. घरचा काटा एकशे साडेबारा म्हणायला लागला, म्हणजे खरे साडेचौदा. दवाखान्याचा काटा काही माझ्या बापाचा नाही. मला घाम फुटायला लागला. मग मी ठरवलं, दर आठवड्याला थोडं थोडं चाक परत फिरवायचं, उतरणाऱ्या वजनात ते कुणाला कळणार नाही.

काल सकाळी मी काट्यामागे गुडघे टेकून बसलो होतो. मागे पावलं वाजली. वळून बघितलं तर बाबा उभे. हातात बाल्कनीच्या दाराला अडकण म्हणून असतो तो लोखंडी ठोकळा. जुना, बंदरावरचा, वर वीसचा आकडा कोरलेला.

ते म्हणाले, "अर्धा किलोच फिरव. एकदम दोन फिरवलेस तर मला धक्का बसेल."

टाचणी, त्यांना पहिल्या रविवारपासून माहीत होतं. क्रेनवाला रोज सकाळी कामाला सुरुवात करण्याआधी वजन माहीत असलेला एक ठोकळा उचलून बघतो. केबिनमधला काटा तेवढंच दाखवतो का? दाखवलं, तरच माल. बावीस वर्षांची सवय. घरीसुद्धा दर रविवारी मी तोंड धुवायला गेलो की ते आधी ठोकळा काट्यावर ठेवायचे. वीसच्या जागी अठरा आले. त्यांनी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने खरे आकडे लिहून ठेवलेत. प्रत्येक रविवारचे. त्या "वा" म्हटलेल्या रविवारचाही, एकशे एकवीस.

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला होता. बघ, चोर मी आणि आवाजही माझाच चढा.

ते पलंगावर बसले. म्हणाले, "तू पहाटे माझ्याबरोबर उठत होतास. कॉलेज सोडल्यापासून तू पहिल्यांदाच काहीतरी रोज करत होतास. मी बोललो असतो, तर तू लाजेने उठायचा बंद झाला असतास. आणि माझं काय, मला दोन मिळवता येतात."

मला रडू आलं. खोटं नाही सांगत. मी तिथेच काट्याशेजारी फरशीवर बसलो. अडीच महिने या माणसाने दर रविवारी माझं खोटं वाचलं, त्यात दोन मिळवले, आणि मला हाक मारून फिरायला नेलं.

म्हणून आता पायऱ्यांवरचंही सांगतो. ते "थोडंसं बोलणं" नव्हतं. माझं ड्रॉइंग सरांनी चौथ्यांदा परत केलं, रेघ घाईची आहे म्हणाले, आणि मी तो कागद सगळ्या वर्गासमोर फाडून त्यांच्या टेबलावर भिरकावला. तू बाहेर येऊन म्हणालीस, आत्ताच्या आत्ता जा आणि माफी माग. त्यावर मी पायऱ्यांवर सगळ्यांच्या देखत तुला म्हणालो, तुझ्यावर प्रेम करणं म्हणजे पट्टीवर प्रेम करणं, नुसतं मोजत बसतेस. लोक हसले. तू हसली नाहीस. तू बॅग उचललीस.

ते वाक्य मला रोज आठवतं. चूक तुझी नव्हती, सरांची नव्हती. रेघ घाईचीच होती.

चाक मी शून्यावर आणलं, बाबांच्या समोर. काटा एकशे चौदा पूर्णांक पाच. त्यांना धक्का बसला नाही.


३१ जुलै

टाचणी,

तुझं कार्ड मिळालं. "काटा शून्यावर आणलास ते बरं केलंस." आणि खाली टाचणी अशी सही. मी ते कुणालाच दाखवलेलं नाही. आज त्याची फार गरज होती.

काल फेरतपासणी होती. परवा संध्याकाळी घरचा काटा एकशे अकराला टेकला होता. हातवारेकाका धावत आले. त्यांच्याकडे उपाय तयार होता. "आत्तापासून पाणी बंद. जेवण बंद. रेनकोट घालून बॉयलरच्या खोलीत दोन तास बसवू. किलोभर पाणी असंच जातं!" मी तर रेनकोट आणायला उठलोसुद्धा.

बाबांनी शांतपणे पेला भरून पाणी प्यायलं. काकांच्या तोंडासमोर.

"अरे, तू माझा बाप होऊ नकोस!" काका ओरडले. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे!"

बाबा म्हणाले, "वर मला काही झालं तर त्या झोळीत मी बसणार आहे. काट्यावरचा आकडा नाही."

काकांनी दोन्ही हात आडवे धरले. गोदीत याचा अर्थ काम थांबवा. मग ते आमच्याकडेच जेवले.

काल सकाळी बाबांनी नेहमीसारखी दोन अंडी, पाव आणि काकडी खाल्ली, अर्धा तास चालले आणि दवाखान्यात गेले. एकशे दहा पूर्णांक सहा.

सहाशे ग्रॅम. सुरक्षासाहेबाने आकडा बघितला, पेनाचं टोपण लावलं आणि मान हलवली. डॉक्टरबाई म्हणाल्या, जवळजवळ साडेतेरा किलो उतरलेत, तेही नीट, रक्तदाब उतरलाय. साहेब म्हणाला, मला दिसतंय, पण नियम ग्रॅमचा आहे.

आणि वाजली शिट्टी. मी टेबलावर हात आपटला. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. सहाशे ग्रॅमचा तर तुमचा पेपरवेट असेल, असं काहीतरी. तुम्ही कधी वर चढलायत का, असंही. साहेब गोरामोरा झाला. बाबा म्हणाले, "त्यांची माफी माग." मला जमलं नाही. बाबांनी पुन्हा सांगितलं नाही. साहेबाला विचारलं, "पुन्हा कधी येऊ?" तो म्हणाला, तीन आठवड्यांनी, शेवटची संधी. बाबा "बरं" म्हणाले.

रात्रभर मी ठरवत होतो की सकाळी त्यांना काय म्हणायचं. धीर कसा द्यायचा. वाटलं होतं, आज ते उठणार नाहीत, आणि त्यांना झोपू द्यावं.

साडेपाचला ते माझ्या दारात उभे होते, बूट घालून.

"आज पण?" मी विचारलं.

"आज काय बदललंय?"

टाचणी, मी त्यांना आजवर कधी क्रेन चालवताना पाहिलेलं नाही, क्रेनपाशी कुणाला सोडत नाहीत. पण आज पहाटे गोदामामागच्या रस्त्यावर मी एक असा माणूस बघितला जो काल हरला होता आणि आज त्याच वेगाने चालत होता. हळू नाही, रागाने झपझप नाही. तोच वेग. मी अर्धं पाऊल मागे राहून नुसता बघत होतो. बेकरीवाल्याने घड्याळ लावलं.

परत येताना मी त्यांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. आणि सुरक्षासाहेबाच्या ऑफिसात गेलो. तो एकटाच होता. मी म्हटलं, काल मी चुकीचं बोललो, माफ करा. त्याने बस म्हणून खूण केली. थोडा वेळ कागद चाळले. मग म्हणाला, "पेपरवेट तीनशे ग्रॅमचा आहे. तू गेल्यावर मी तोलून बघितला." आणि मग, खिडकीकडे बघत, "माझ्या आधीच्या बंदरावर एक माणूस वरून वेळेत खाली आणता आला नव्हता. जड होता. चांगला माणूस होता."

आपण ज्याच्यावर ओरडतो त्याच्यामागे काय उभं असतं, हे मला आजवर कधी दिसलंच नव्हतं.

शिट्टी


२२ ऑगस्ट, सकाळी सात

टाचणी,

घाईत लिहितोय, पण रेघा सरळ काढतोय.

काल एकशे नऊ पूर्णांक दोन. साहेबाने कागदावर सही केली आणि उभा राहून बाबांशी हात मिळवला. हातवारेकाकांनी दवाखान्यात अशी काही खूण केली की डॉक्टरबाईंनी विचारलं, यांना आकडी आली का? घरी आईने बाबांचं हेल्मेट धुतलं. मग पुन्हा धुतलं.

आज सात वाजता बाबा सहा महिन्यांनी वर चढणार. साहेबाने माझ्यासाठी आत जायचा पास काढून दिला होता, खाली काकांच्या शेजारी उभं राहायचा. आयुष्यात पहिल्यांदा मी बघणार होतो.

पण आज कॉलेजात पुन्हा प्रवेश घ्यायचा शेवटचा दिवस आहे, आणि अर्जावर सरांची सही लागते. ते फक्त साडेआठपर्यंत भेटतात. बस साडेसातची. मी काल रात्री जेवताना बाबांना म्हटलं, सरांचं पुढच्या वर्षी बघू, उद्या मी गोदीत येणार. चमचा खाली ठेवून ते घास चावत होते. चावून झाल्यावर म्हणाले,

"मी चढणार ते काय बघायचंय? आता रोजच चढणारे. दुपारी जेवायला खाली उतरून परत चढणारे, दिवसातून दोनदा. पाणीही प्यायचंय ना."

"पहिला दिवस आहे, बाबा."

"तुझाही."

सहाला ते निघाले. दारात मला म्हणाले, "सर बोलतील. बोलू दे. मध्ये तोंड घालू नकोस." आणि जिना उतरले, कठड्याला हात न लावता.

आता मी खिडकीत बसून लिहितोय. गोदामांच्या छपरांवरून क्रेनचा वरचा अर्धा भाग दिसतो. शिडीवर एक पिवळा ठिपका आहे. मगाशी नव्हता. पहिल्या टप्प्यावर थांबला. मी तीसपर्यंत मोजलं. पुन्हा निघाला. दुसऱ्या टप्प्यावर थांबला. इथून तो मुंगीएवढा दिसतोय आणि मला मात्र छातीत मावत नाहीये. एकशे चौसष्ट पायऱ्या, टाचणी, आणि प्रत्येक पायरीला गुडघ्यावरून किती उतरलंय याचं गणित मी करत बसलोय, आणि ते करता करता माझे डोळे भरून आलेत. चमच्याची सपाट केलेली कड, भाजीने आधी भरलेलं ताट, झाकलेला टीव्ही, असल्या गोष्टी एकावर एक ठेवत हा माणूस आकाशात चाललाय.

चौथा टप्पा. थांबला. घाई नाहीच.

गेला आत.

थोडा वेळ काही नाही. मग लांबलचक हात सरकला, दोर खाली गेला, आणि आत्ता, मी हे लिहितोय तेव्हा, एक निळा कंटेनर छपरांच्या वर येतोय. काकांनी मला सांगितलं होतं, कच्च्या हाताचा भार हवेत झोके घेतो, पक्का हात भाराच्या मागे मागे जातो आणि झोका होऊच देत नाही. मी डोळे बारीक करून बघतोय. कंटेनर झुलत नाहीये. सरळ वर येतोय, जसा कुणी खालून तळहातावर धरलाय.

तुझ्याकडे मी काही मागत नाही. ते वाक्य मी बोललो होतो, ते माझ्याकडे राहील. मी सरांकडे जातोय ते तू परत यावीस म्हणून नाही. तुला वाटलं तर लिही, नाही वाटलं तर बाबांबद्दल विचार, त्याचंही उत्तर मी देईन.

साडेसातला पंधरा मिनिटं आहेत. पाकीट चिकटवतोय. अर्ज घेतला, पेन घेतलं, पाण्याची बाटली घेतली. आई विचारतेय, "पोटात काही घातलंस का?" घातलं, आई. बसून खाल्लं.

निघतो. दार ओढून घेतो.